तोरू-ताशचं पाणी

बिश्केक, १२ फेब्रुवारी १९९८

प्रिय जिपार,

तू, तुझ्या सासूबाई आणि सुट्टी संपवून नुकताच रशियात विटा रचायला परत गेलेला तुझा नवरा झोलदोश, सगळे धडधाकट असाल असं मी धरून चालतो. तुझ्या पत्राची वाट बघून मग खुशाली विचारायची म्हटलं तर पुढचा हिवाळा उजाडेल. चुलत भावाला, मग तो थोरला 'बाइके' का असेना, कुणी पत्र लिहीत नाही हे मला मान्य आहे. पण भूगोल शिकवणाऱ्या बाईला बिश्केक नकाशावर कुठे आहे हे तरी ठाऊक असावं.

माझी आई, तुझी आपा, बरी आहे. घर मात्र बर्फाची पेटी झालं आहे. भिंतीतले गरम पाण्याचे पाइप कोमट होऊन थांबतात, म्हणून मी तिला रोज सकाळी माझ्याबरोबर वैद्यकीय विद्यापीठात घेऊन जातो. आमच्या विभागात अंडी उबवायची खोली आहे. सगळ्या इमारतीत खरी ऊब तेवढ्याच खोलीत. आपा तिथे स्टुलावर बसून लोकर कातते आणि विद्यार्थिनींची लग्नं जुळवते. विभागप्रमुख सादात इस्केंदेरोव्ना आधी कुरकुरल्या, आता त्याच तिच्याकडून मोजे विणून घेतात.

आता कामाचं. आमचा विभाग पेशींचा आणि गर्भाच्या वाढीचा. पेशींच्या एवढ्याशा थरातून डोळा कसा घडतो, पाठीवरची पन्हळ मिटून तिची नळी कशी होते, हे आम्ही कोंबडीच्या अंड्यात बघतो. कारण अंड्याला खिडकी पाडता येते. तोरू-ताशच्या वरच्या अंगाला युरेनियमच्या खाणीचा तो राखाडी ढिगारा, ज्यावरून आपण पत्र्यावर बसून घसरत यायचो, त्याखालच्या पाण्यावर वाढणाऱ्या गर्भाचं काय होतं हे आजवर कुणी धड तपासलेलं नाही. खाण बंद होऊन पिढी गेली, ढिगारा जागचा हललेला नाही. मी तपासणार आहे. उबवणीची दुसरी पेटी मिळाली आहे, तेव्हा तोरू-ताशच्या पाण्याचा थेंब दिलेली अंडी एकीत आणि साध्या पाण्याची दुसरीत ठेवणार. एकाचं दुसऱ्याला लागायला नको.

मला ढिगाऱ्याखालच्या ओढ्याचं पाणी हवं आणि तुमच्या गल्लीतल्या नळाचं. बाटल्या ओस्मोन-आकेच्या मिनीबसमधून पाठवतो आहे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, गळ्यापर्यंत भरायची, बुचाखाली हवा ठेवायची नाही. उकळायचं नाही, गाळायचं नाही, आणि कृपा करून सासूबाईंना बोट घालून चव बघू द्यायची नाही.

तुझा,
केनेश बाइके

*

तोरू-ताश, २४ फेब्रुवारी

आदरणीय केनेश बाइके,

बिश्केक नकाशावर सापडलं. तिथे एक गृहस्थ राहतात, त्यांना वर्षातून एकदा बहीण आठवते, तीही पाण्यासाठी.

दोन्ही पाणी पाठवते आहे. ओढ्याच्या बाटल्यांच्या गळ्याला काळा दोरा आहे, नळाच्या बाटल्यांना पांढरा. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं. बाटली पाण्याने विसळून तेच पाणी ओतून देताना सासूबाईंनी पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं. ओस्मोन-आकेंना वाटलं आत व्होडका आहे. पाणीच आहे म्हटलं तर विश्वास बसेना. त्यांनी एक बूच उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. ती बाटली मी काढून घेतली आणि पुन्हा भरली, काळजी नसावी.

सासूबाई म्हणतात, केनेश हेच पाणी पिऊन मोठा झाला आणि त्याचं डोकं चालतं. मग म्हणाल्या, अंड्याला खिडक्या पाडतो म्हणजे चालतं म्हणायचं की नाही कोण जाणे.

एक विचारायचं होतं. आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारलं, अंड्यात डोळे कधी येतात. मला सांगता आलं नाही. आणि माणसात कधी? अगदी सुरुवातीला, की आई जाडजूड दिसायला लागल्यावर? तेवढं लिहा. वर्गात उत्तर द्यायचं आहे.

आपाला सलाम.

तुमची,
जिपार

*

बिश्केक, १२ मार्च

प्रिय जिपार,

बाटल्या उत्तम आल्या. माझ्या विद्यार्थ्यांनी एवढ्या नीट भरल्या नसत्या.

तुझ्या वर्गातल्या मुलीला सांग: अंड्यात डोळ्यांची जागा दुसऱ्याच दिवशी फुगायला लागते आणि चौथ्या दिवशी दोन काळे ठिपके नुसत्या नजरेला दिसतात. माणसात हे सगळं महिना भरायच्या आत सुरू होतं, आईला स्वतःला पुरतं कळायच्या आधी. पाठीची पन्हळही तेव्हाच मिटते. जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडतं. ती जाडजूड दिसेपर्यंत गोष्ट होऊन गेलेली असते.

आता जे लिहितो ते कुणाला वाचून दाखवू नकोस. साध्या पाण्याच्या पेटीतली अंडी हवी तशी आहेत; एखाददुसरं वाया गेलं, ते नेहमीच जातं. तोरू-ताशच्या पेटीतल्या पहिल्या अंड्याच्या खिडकीवरची पट्टी काढली. गर्भाला डोळा एकाच बाजूला होता. दुसरी बाजू गुळगुळीत. पुढच्या अंड्यात डोक्याची पन्हळ मिटलेलीच नाही, फुटलेल्या शेंगेसारखी उघडी. तिसऱ्यात तेच. आणि खाली हृदय मात्र ठणठणीत चालू, एवढंसं लाल, धडधडत. तेच बघवत नाही. वर डोकं नाही आणि खाली हृदय आपलं काम करतंय.

ओढ्याचं पाणी असं काही करील अशी माझी अटकळ होती. पण पांढऱ्या दोऱ्याच्या बाटल्याही तशाच निघाल्या. तुमच्या गल्लीतला नळ.

सादात इस्केंदेरोव्ना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, अल्माटीच्या परिषदेला हेच न्यायचं. इतक्या वर्षांत विभागात प्रथमच कुणी माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

तू घाबरू नकोस. मोठ्या माणसांची गोष्ट निराळी, आणि तुमच्या घरात लहान कुणी नाही हे एका परीने बरंच आहे.

तुझा,
केनेश बाइके

*

तोरू-ताश, २३ मार्च

आदरणीय केनेश बाइके,

नोरूझच्या शुभेच्छा. आमच्या गल्लीने मोठ्या कढईत सुमोलोक शिजवला. गव्हाचे मोड सगळ्यांनी मिळून वाटले, बायका आळीपाळीने ढवळत होत्या. पाणी अर्थात नळाचं. मी ढवळलं, पण चाखलं नाही. दात दुखतो म्हणून सांगितलं. शेजारणीने माझ्या वाटणीची वाटी दोनदा पुढे केली आणि दुसऱ्यांदा मी परत केली तेव्हा ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

पिण्याचं पाणी आता मी वरच्या झऱ्यावरून आणते. गाढवावर दोन कॅन लादून. सासूबाई विचारतात हे काय खूळ. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणालात, म्हणून मी खूळच आहे म्हणते.

एक विचारायचं आहे. आमची गाय गाभण आहे. पहिले दोन महिने ती नळाचंच पाणी प्यायली. आता मी तिलाही झऱ्याचं देते. त्याने काही उपयोग होईल का? की तुम्ही लिहिलंत तसं, होऊन गेलेलं असतं? पशुवैद्य म्हणतो, एप्रिलच्या मध्यापर्यंत काढून टाकता येईल, पुढे तो हात लावणार नाही. गाय चांगली आहे. काय करावं ते स्पष्ट लिहा. गोड लिहू नका.

तुमची,
जिपार

*

बिश्केक, २८ मार्च

प्रिय जिपार,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि हसलो. भावाची खुशाली एका ओळीत आणि गायीची अख्ख्या परिच्छेदात.

स्पष्ट लिही म्हणालीस, लिहितो. आता पाणी बदलून काही व्हायचं नाही. गायीच्याही वासराचे डोळे, कणा, काळीज पहिल्या दोन महिन्यांतच घडतात आणि ते दोन महिने तिने नळाचं पाणी प्यायलं आहे. नंतर झऱ्याचं दिलंत काय आणि दूध पाजलंत काय, घडलेलं घडलं. माझ्या तिसऱ्या खेपेच्या अंड्यांतही तेच निघालं आहे, तेव्हा हा योगायोग नाही. पशुवैद्याला बोलवा आणि काढून टाका. वाढू दिलंत तर गाय हकनाक पोसाल, आणि जे बाहेर येईल ते बघून सासूबाई अंथरूण धरतील. झोलदोश येईपर्यंत थांबू नका. आणि तू त्या वेळी गोठ्यात थांबू नकोस, तुझा जीव हळवा आहे.

आपा रोज विचारते, आपल्या गावची अंडी कशी आहेत. मी बरी आहेत म्हणतो. म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं.

तुझा,
केनेश बाइके

*

बिश्केक, २ एप्रिल

जिपार,

हे पत्र हातात पडेल तेव्हा जिथे असशील तिथे थांब. काही करू नकोस. फोन करणार होतो, पण तुमच्या पोस्टातली बाई फोन जोडून देते आणि पुढे स्वतःच ऐकत बसते. ओस्मोन-आकेंना बजावलं आहे, पत्र सासूबाईंच्या नाही, तुझ्याच हातात द्यायचं.

काल जेवताना मी आपाला तुझ्या गायीची गंमत सांगायला गेलो. तिने वाटी खाली ठेवली.

"कसली गाय?" ती म्हणाली. "जिपारच्या पहिल्या पोराला पुरलं त्याच शरदात त्यांनी गाय विकली. गोठ्यात आता कोळसा असतो."

मग तिने सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी ओस्मोन-आकेच्या बायकोकडून तिला तुला दिवस गेल्याचा निरोप धाडला होता. पुरुषांना इतक्यात कळू द्यायचं नाही, नजर लागते, म्हणून ती महिनाभर गप्प राहिली. आणि मी महिनाभर तुला लिहीत राहिलो. कुठल्या गर्भाला काय नव्हतं ते सगळं. तुमच्या घरात लहान कुणी नाही ते बरं आहे, हेही मीच लिहिलं ना? मी हात धुवायला उठलो आणि नळाखाली हात धरून तसाच उभा राहिलो.

आपाने मागून विचारलं, "अंडी बरी आहेत म्हणालास ना तू?"

मी म्हटलं, नाहीत आपा, खोटं बोललो.

ती रडायला लागली. म्हणाली, "मग एवढी धुरी देऊन काय उपयोग झाला?"

मला आधी कळेचना. दृष्ट काढायच्या अदिराशमानच्या बोंडांच्या धुरीवाचून आपलं एकही घर नसतं. साथ आली की दवाखान्याच्या दारात, वर्गावर्गातून पळी फिरते. आमच्या इमारतीच्या भिंतींनाच तो वास आहे, आणि म्हणून मला तो वास येतच नाही. परदेशातून कुणी पाहुणा आला असता तर त्याने दारातच विचारलं असतं, हे काय जळतंय. मी रोज त्या खोलीत उभा राहिलो आणि मला काही जाणवलं नाही.

तोरू-ताशची पेटी कोणती हे मीच तिला हौसेने दाखवलं होतं. तुझ्याबद्दलचा निरोप आल्यावर तिच्या मनाने घेतलं की तुझं पोर त्या अंड्यांशी बांधलेलं आहे. ती नीट फुटली तर तेही नीट होईल. मी वर्गावर गेलो की ती माझ्याच स्पिरिटच्या दिव्यावर लोखंडी पळी तापवायची, तीत वाळकी बोंडं टाकायची आणि पळी पेटीच्या हवेच्या भोकाशी धरायची. धूर वाया जाऊ नये म्हणून वरून शाल झाकायची. फक्त आपल्या पेटीला, रोज.

अंड्याचं कवच म्हणजे चाळण असते, जिपार. आतला जीव त्यातूनच श्वास घेतो. तेव्हा दोष पाण्याचा की धुराचा, हे मला आज ठाऊक नाही. तिची चूक नाही ही. दोन्ही पाण्याची अंडी दोन्ही पेट्यांत मिसळून ठेवायची असतात, पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हेच शिकवतो. मला त्या पाण्याची भीती वाटली, म्हणून मी ते वेगळं काढलं.

नवी अंडी आज लावली आहेत, मिसळून. खोलीला कुलूप आहे, किल्ली माझ्या गळ्यात. नऊ तारखेला सांगेन. तोवर थांब.

केनेश

*

तोरू-ताश, ५ एप्रिल

केनेश बाइके,

तुमचं गायीचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ओशच्या हॉस्पिटलात जाऊन नाव घालून आले. येत्या शुक्रवारी, दहा तारखेला. सासूबाईंना वाटतं मी दात दाखवायला गेले होते.

तुम्ही थांब म्हणता. बारा आठवडे भरले की डॉक्टर हात लावत नाहीत. म्हणजे तुमची अंडी आणि माझे दिवस एकदमच संपतात. आणि नऊ तारखेला तुम्ही काय सांगणार? बरी निघाली तर ठेव म्हणाल. मग ऑक्टोबरमध्ये काही वाईट झालं तर लिहाल, अंडं म्हणजे माणूस नव्हे.

गायीची थाप मारली, कारण तोंडाने एकदा म्हटलं की ते खरं होतं, आणि खरं झालेलं माझ्याकडे टिकत नाही. पहिल्या मुलाचं तुम्हाला एवढंच ठाऊक आहे की ते जन्मताच गेलं. मलाही तेवढंच ठाऊक आहे. सुईणीने वर धरलं, लगेच कापड टाकलं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. झोलदोशने उचललं आणि दुपारच्या आत पुरून आला. मी त्याला किती वेळा विचारलं, काय होतं? तो म्हणतो, मुलगा होता. त्यापुढे बोलत नाही. कधी वाटतं काहीच नव्हतं, नाळ गळ्याला बसली असेल. कधी वाटतं होतं. मी दर वेळी वेगळं पोर मनात आणते. तुमची पत्रं आली तेव्हापासून त्याला चेहरे मिळाले. एका बाजूला गुळगुळीत. नाहीतर वरून उघडा, आणि खाली हृदय चालू.

तुम्ही ते चांगलं लिहिलंय, बाइके. डोळ्यांसमोर उभं राहतं.

आपाला रागावू नका. तिने निदान काहीतरी केलं.

जिपार

*

बिश्केक, ९ एप्रिल

जिपार,

ओस्मोन-आके आज दुपारी निघताहेत. घाटात रस्ता मोकळा असला तर उद्या सकाळी ओशला हॉस्पिटलच्या फाटकाशी उभे राहतील. तसं त्यांनी कबूल केलं आहे, आपाने त्यांना भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आहे.

जे दिसलं ते लिहितो. काही अंड्यांना साधं पाणी दिलं आणि मी स्वतः पळी धरून धुरी दिली. ती बिघडली, एक डोळा, उघडं डोकं, सगळं पहिल्यासारखंच. नळाचं पाणी दिलेली, धुरी न दिलेली अंडी साध्या पाण्याच्या अंड्यांसारखी निघाली. मला फरक दिसला नाही. मी शोधला. आधी ज्या हावरेपणाने दोष शोधत होतो त्याच हावरेपणाने शोधला. ओढ्याच्या पाण्याची काही बिघडली, साध्याहून जास्त, धुराहून कमी.

आता जे ठाऊक नाही ते. अंडी थोडी आहेत. एका थेंबाने अंड्याचं जे होतं ते वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्या बाईचं होतं का, हे अंडं सांगत नाही. आणि हो, अंडं म्हणजे माणूस नव्हे. तू मला ते आधीच लिहून दाखवलंस. 'काढून टाका' असं मी लिहिलं होतं ते मागे घेतो. 'ठेव' असं लिहायचा धीर माझ्याजवळ नाही. ते गायीचं पत्र चुलीत घाल.

सादात इस्केंदेरोव्नांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग अल्माटीला तुमच्या आईची पळीच घेऊन जा, केनेश." निबंध मागे घेतला आहे. माझ्या टेबलाशी आलेली खुर्ची परत गेली.

आपा आता विद्यापीठात येत नाही. मी चल म्हटलं तरी घरीच कोट घालून बसते.

केनेश

*

तोरू-ताश, १५ एप्रिल

आदरणीय केनेश बाइके,

मी ओशला गेले होते. नंबर आला, आत घेतलं, झगा दिला. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी कारण विचारलं, मी पाणी म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली, नवल वाटल्यासारखी नाही. आमच्या खोऱ्यातल्या बायका येत असाव्यात. मग मी विचारलं, झाल्यावर मला दाखवाल का?

ते म्हणाले, "बघण्यासारखं काही नसतं, बाई."

मी उठले आणि बूट घातले. नर्स मागून ओरडत आली, झगा तिथलाच होता, तो काढून दिला. फाटकाशी ओस्मोन-आके उभे होते, दाढी वाढलेली, तुमचं पत्र टोपीत. ते मी बसमध्ये बसल्यावर उघडलं. तेव्हा तुमच्या अंड्यांनी ठेवलं असं कुणाला सांगू नका.

भीती गेली असंही समजू नका. डॉक्टरांकडून निघाले तेव्हा पोटात काही हललं नाही, काही नाही. एवढ्यात हलत नाही हे मला ठाऊक आहे. ओस्मोन-आके घाटातल्या गोष्टी सांगत होते आणि मी मनात म्हणत होते, डोळे दोन, पाठ मिटलेली. डोळे दोन, पाठ मिटलेली. घर येईपर्यंत. आता तेच चालू असतं, वर्गात फळ्याकडे वळले की, गाढवाला हाकताना. सासूबाई म्हणतात ओठ काय हलतात तुझे. मी नद्यांची नावं पाठ करते म्हणते.

ऑक्टोबरच्या शेवटी तुम्ही इकडे या. झोलदोश येईल, पण तो तोंड फिरवणाऱ्यांतला. तुम्ही बघणारे आहात. जे काही असेल ते तुम्ही आधी बघा आणि माझ्या हातात द्या. कापड न टाकता. सुईणीने टाकलं तर काढा. एवढं कराल का ते लिहू नका, फक्त या.

तुमची,
जिपार

*

तोरू-ताश, ८ डिसेंबर

आदरणीय केनेश बाइके,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते, हात रिकामा नसतो. आपाने पाठवलेले मोजे बाळाच्या गुडघ्यापर्यंत येतात. तिला सांगा, दोन्ही पायांची सगळी बोटं आत आहेत. सासूबाईंनी नाव तोक्तोसून नोंदवलं; आधीचं गेलं की हेच ठेवतात, हा तरी थांबू दे म्हणून.

त्या दिवसाचं तुम्हाला सांगायचं राहिलं. सुईणीने त्याला तुमच्याकडे दिलं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच नव्हते, तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही त्याला खिडकीशी नेलंत. एक पापणी उचललीत, मग दुसरी. पालथं केलंत आणि पाठीवरून बोट वरून खाली नेलंत, परत वर. आणि बोलला नाहीत. झोलदोशने भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, झालं. मी हात पुढे केले, मीच तसं ठरवलं होतं म्हणून केले, मनाने केले नाहीत. तुम्ही त्याला माझ्या हातात ठेवलंत तेव्हाही तुमच्या तोंडून शब्द फुटेना, नुसती मान हलवत होतात. मी एकटीनेच मोजलं मग. सगळं होतं. तुम्ही नंतर सासूबाईंना म्हणालात की घसा बसला होता. त्या अजून तुमच्यासाठी मध पाठवा म्हणतात.

पण मी अजून रोज त्याला उघडा करून बघते. सकाळी बघितलेलं दुपारी खरं वाटत नाही. डोळे आहेत, पण ते दिसणारे आहेत ना, म्हणून बोट फिरवते. तो बोटामागे बघतो. मग वाटतं, आत काय असेल, तिथे कुठे खिडकी आहे?

आता खरं कारण. माझं दूध पुरत नाही. वजन भरत नाही म्हणून नर्सने डब्यातली पावडर दिली आहे, ती पाण्यात कालवायची असते. दोन आठवडे झऱ्याचं पाणी आणून निभावलं. परवा बर्फाने वरची वाट बुजली. गाढव गुडघ्यापर्यंत रुतलं, कॅन सोडून त्याला ओढून काढावं लागलं. झोलदोश म्हणतो वसंतापर्यंत वर जाणं होणार नाही. दारातलं बर्फ वितळवावं म्हटलं, तर ते ढिगाऱ्यावरून उडत आपल्या दारात येतं, वरून राखाडी दिसतं. उकळून खाणीचं काही जात नाही, हे तुम्हीच इथे असताना सांगितलंत.

उरला नळ. तुमच्या अंड्यांत नळाचा दोष निघाला नव्हता. पण ती थोडी होती असंही तुम्ही लिहिलं होतं. मी ते पत्र पुन्हा काढून वाचलं. एका ओळीत धीर येतो, पुढच्या ओळीत जातो.

सासूबाई म्हणतात, सगळं गाव पितं. मी पातेलं भरून चुलीवर ठेवलं आहे. पाणी स्वच्छ दिसतं. तळाशी काही नाही, वास नाही.

तोक्तोसून रडतोय, डबा उघडलेला आहे. ओस्मोन-आके आज निघताहेत, त्यांची परतीची फेरी लवकरात लवकर आठवड्याने. नळाचं देऊ की नको, हो किंवा नाही, एवढंच लिहा. तुमचं उत्तर यायच्या आत मला त्याला पाजावं लागणार आहे हे मला कळतं. तरी लिहा.

तुमची,
जिपार